कालपर्यंत एका टेबलावर डबा खाल्ला, आज सुपरवायझर

एक तारखेला एचआरमध्ये बोलावतात, पत्र हातात देतात, शर्टाचा रंग बदलतो. अभिनंदनाचे मेसेज येतात, पेढे होतात. आणि दुपारी जेवणाची घंटा झाली की पहिला खरा प्रश्न समोर येतो: डबा घेऊन बसायचं कुठे? सहा वर्षं ज्या टेबलावर बसलो तिथे, की सुपरवायझर मंडळी बसतात तिथे? मला तो प्रश्न सुटला नाही. मी पार्किंगमध्ये गेलो आणि बाइकवर बसून डबा खाल्ला.

त्याला आता बारा वर्षं झाली. त्याआधी दहा वर्षं मी ऑपरेटर होतो. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी गोष्ट तीच असते. चांगला ऑपरेटर किंवा नुकता डिप्लोमा झालेला पोरगा उचलतात आणि त्याच्या हाताखाली पंधरा माणसं देतात. मशीन कसं चालवायचं हे त्याला शिकवलेलं असतं, माणसं कशी चालवायची हे कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय. माझं सगळं आयुष्य प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे गेलं, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तुम्ही मोल्डिंगला असाल, पॅकिंगला असाल किंवा गोडाऊनला, तर आपल्याकडचं मशीन त्या जागी ठेवून वाचा.

पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका

नव्या सुपरवायझरला आपण आलो हे दाखवायची घाई असते. मलाही होती. तिसऱ्याच दिवशी मी लाइनवरचं ‘फालतू सामान’ उचलायला लावलं. त्यात तीन नंबरच्या प्रेसजवळचा एक कळकट तेलाचा डबा आणि ब्रश होता. दुपारपर्यंत त्या प्रेसचं प्रॉडक्शन घसरलं. ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, वरून दाबणाऱ्या पंचला चिकटत होता. तिथला ऑपरेटर दर अर्ध्या तासाने ब्रशने तेल मारायचा. हे कुठल्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं नव्हतं, पण त्यावरच ती प्रेस चालायची. त्याने मला सांगितलं का नाही? कारण मी विचारलं नव्हतं. डबा उचलताना तो शेजारीच उभा होता, बघत होता.

तेव्हा पहिले पंधरा दिवस रोज एका ऑपरेटरशेजारी तासभर उभे राहा. खिशात छोटी वही ठेवा. एक पीस किती सेकंदांत निघतो, कुठली डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) त्रास देते, माल कुठे अडकतो, क्वालिटीवाला कितीला येतो, हे लिहा. माणसांचंही लिहा. कोण कुठल्या गावचा, कोणाची बस किती वाजताची, कोणाची बायको कुठल्या शिफ्टला कामाला जाते. यात हेरगिरी काही नाही. सेकंड शिफ्टला थांब म्हणण्याआधी त्याची शेवटची बस कधीची हे माहीत असायला हवं, एवढंच.

आत्मविश्वासाचं म्हणाल तर मला तो याच वहीतून आला. मीटिंगमध्ये ‘काल १८० पीस कमी का?’ असं विचारल्यावर इकडेतिकडे न बघता उत्तर देता येऊ लागलं. मोठ्याने बोलणं, छाती काढून चालणं, केबिनचं दार आपटणं, याला फ्लोअरवर कोणी आत्मविश्वास म्हणत नाही. त्याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

या पंधरा दिवसांच्या नियमाला एकच अपवाद. सेफ्टीचं काही दिसलं तर पंधरा मिनिटंसुद्धा थांबायचं नाही.

नाही कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा

हा भाग जरा लांबेल.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येतो. म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवर, डायच्या बाहेर. साधी आणि हुशार कल्पना आहे. आता यातलं एक बटण टेप लावून किंवा खिळा अडकवून कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो. त्या हाताने पुढचा ब्लँक लावता येतो आणि पीसमागे दोनेक सेकंद वाचतात.

दोन सेकंद म्हणजे किती, ते बघा. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास आणि चहाची वीस मिनिटं गेली की उरतात ४३० मिनिटं, म्हणजे २५,८०० सेकंद. बारा सेकंदांना एक पीस धरला तर २,१५० पीस. दहा सेकंदांना धरला तर २,५८०. एका टेपच्या तुकड्यावर शिफ्टला ४३० पीस जास्त! टार्गेट पूर्ण, साहेब खूश, ट्रक वेळेवर. मोह कशाचा असतो हे कळावं म्हणून हिशोब मांडला. ‘सेफ्टी फर्स्ट’चा बोर्ड या ४३० पीसांपुढे टिकत नाही.

मी सुपरवायझर होऊन दुसरा महिना होता. डिस्पॅचचा ट्रक गेटवर उभा. एका प्रेसवर टेप दिसली आणि मी मान वळवली. तासाभराने आवाज आला. धावत गेलो तर पोराचा हात शाबूत होता, हातमोज्याची दोन बोटं डायमध्ये चेपून चपटी झाली होती. मोजा ढगळ होता म्हणून वाचला. आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. मोजा कचऱ्यात टाकला, टेप काढली, वहीत काही लिहिलं नाही, कोणाला काही बोललो नाही. तीन आठवड्यांनी त्याच प्रेसवर थर्ड शिफ्टला परत टेप लागली. त्या वेळी दुसरा मुलगा होता आणि मोजा त्याच्या मापाचा होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. आधीचा मोजा फक्त दोघांना माहीत होता. मी तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतर मी वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या. गार्ड, सेन्सर, बटण यांना बायपास करणार नाही आणि करू देणार नाही. आकडा खोटा लिहिणार नाही, रिजेक्शनचा असो की हजेरीचा. आणि आपली चूक खालच्याच्या नावावर टाकणार नाही. यादी तुमची वेगळी असेल, पण तीनच ठेवा. दहा तत्त्वं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आणि घरी बसून, डोकं शांत असताना लिहा. गेटवर ट्रक उभा असताना तत्त्व ठरवायला बसलात तर ते ट्रकच्या सोयीचंच निघतं.

तत्त्वाबरोबर माहितीही लागते, नाहीतर ते नुसतं बोलणं राहतं. प्रेससमोर लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, बसवतात, किरण तुटला की रॅम थांबतो. पण जुन्या की-क्लचच्या प्रेस असतात त्यांचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबतच नाही, पूर्ण फेरी होणारच. तिथे लाइट कर्टनचा उपयोग नाही, हात आत जाणारच नाही असं पक्कं गार्ड लागतं. आपल्या लाइनवर कुठली प्रेस आहे हे माहीत नसलेला सुपरवायझर ‘सेन्सर आहे ना, घाबरू नको’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो. म्हणून मेंटेनन्सवाल्याला चहा पाजा आणि विचारून घ्या.

हातमोजा चेपला, साखळी सुटली, क्रेनचा हूक डोक्यावरून गेला, असं थोडक्यात वाचलेलं काहीही त्याच दिवशी दोन ओळींत लिहून सेफ्टीला द्या. आणि अपघात झालाच तर ‘बाहेरच्या डॉक्टरला दाखवू, आपसात मिटवू’ या वाटेला जाऊ नका. ईएसआय या कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला कामावरच्या अपघातासाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. काम करता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. अपघाताची नोंदच झाली नाही तर पुढे त्याला हात दाखवत फिरावं लागतं. कॉन्ट्रॅक्टचा पोरगा असेल तर जास्तच लक्ष द्या, त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी नसतं.

साहेबाला नाही म्हणायची रीत

नुसतं ‘नाही’ म्हटलं की तुम्ही आडमुठे ठरता. चार माणसांत म्हटलं तर साहेबाची अडचण होते आणि मग गोष्ट टेपची राहत नाही, इज्जतीची होते. म्हणून बाजूला घ्या आणि काय होणार आहे, काय करता येईल, ते आधी बोला. मी साधारण असं बोलतो:

‘साहेब, प्रेस चालूच ठेवतो, पण दोन्ही बटणांवर. आज २,१०० निघतील. २,५०० पाहिजे असतील तर दोन तास ओव्हरटाइम द्या, नाहीतर पाच नंबरला डाय लावून घेऊ, सेटिंगला पाऊण तास जाईल. कुठलं करू?’

यात ‘नाही’ हा शब्द नाही, भाषण नाही, आणि निर्णय साहेबाच्याच हातात आहे. फक्त टेपचा रस्ता बंद आहे. ओव्हरटाइम म्हटल्यावर साहेब कुरकुरणार, कारण त्याला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, कायद्यातच तसं आहे. कुरकुरू द्या. दहातल्या सातआठ वेळा दोनपैकी एक मार्ग मिळतो.

उरलेल्या दोनतीन वेळा ‘मला कारणं नकोत’ असं उत्तर येतं. तेव्हा तिथून निघा आणि पाच मिनिटांत मेसेज टाका: ‘सर, आपलं आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे चार नंबरची प्रेस दोन्ही बटणांवर चालवतोय. शिफ्टअखेर अंदाजे २,१०० पीस. ओव्हरटाइमचं कळवावं.’ तक्रारीचा सूर नको, धमकी नको. लेखी आल्यावर ‘टेप लाव’ असं उत्तर सहसा कोणी टाइप करत नाही. तरीही दबाव आलाच तर सेफ्टी ऑफिसर आहे, प्लँट हेड आहे, आणि अगदीच वेळ आली तर राज्य सरकारचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. मला तिथपर्यंत कधी जावं लागलं नाही. पण ते दार आहे हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही.

याची किंमत मोजावी लागत नाही असं सांगणार नाही. एका वर्षी माझं इन्क्रिमेंट इतरांपेक्षा कमी आलं आणि कारण मला माहीत होतं. घरचा हप्ता चालू असताना हे सोपं नसतं. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवायला सुरुवात करा. कोणत्याही लीडरशिप ट्रेनिंगमध्ये हे सांगत नाहीत, पण ताठ बोलण्यासाठी त्या पैशाचा जेवढा आधार होतो तेवढा क्वचितच कशाचा होत असेल.

काम शिकवणं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमध्ये नवखे लोक भराभर कामाला लावायचे होते. त्यासाठी सुपरवायझरना शिकवायची एक पद्धत बसवली गेली आणि युद्धानंतर ती जपानमध्ये गेली. पायऱ्या चार: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. आपण दुसरी पायरी करतो आणि निघून जातो. ‘बघितलंस ना? हं, कर आता.’

गो-नोगो गेज घ्या, म्हणजे माप बरोबर आहे का हे तपासायचं दोन बाजूंचं साधन. पोराला सांगतात, गो बाजू गेली पाहिजे, नोगो जाता कामा नये. पोरगा मान डोलवतो. पण गो बाजू आपल्या वजनाने जायला हवी, जोर लावून कोंबायची नसते, हे कोणी सांगत नाही. संध्याकाळी लॉट परत येतो आणि शिव्या पोराला. म्हणून करून घेताना त्याला तोंडाने बोलायला लावा: आता काय करतोस, असंच का करतोस. जालन्याचा असेल तर मराठीत, छपऱ्याचा असेल तर हिंदीत. ‘का’चं उत्तर आलं की शिकला. नाही आलं तर आपण परत दाखवायचं, न चिडता. चौथ्यांदा दाखवताना चिडणं येतं. तेव्हा पाणी पिऊन या.

ओरडण्याबद्दल थोडंसं

चूक बाजूला घेऊन सांगायची, शाबासकी लाइनवर द्यायची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे उलटं करतात. जपानी कारखान्यांत चूक होऊच नये अशा युक्त्यांना पूर्वी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खालाही चुकता येणार नाही अशी सोय. १९६० च्या दशकात एका कारखान्यातल्या कामगार बाईला ते नाव लागलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने नाव बदलून ‘पोका-योके’ केलं, म्हणजे नजरचुकीपासून बचाव. आज आपल्याकडे भिंतीभिंतींवर पोकायोके लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीखाली उभं राहून लोक ‘अक्कल आहे का?’ म्हणून ओरडतात.

सुट्ट्या, ओव्हरटाइम आणि जुने मित्र

तुम्ही तत्त्वाचे आहात की नाही हे लोक मोठ्या प्रसंगात बघत नाहीत. गणपतीची सुट्टी कोणाला दिली त्यात बघतात.

माझ्या लाइनवर कोकणातले चार जण होते, त्यांना गणपतीला जायचंच. मराठवाड्यातल्यांना दिवाळी हवी. बिहारच्या पोरांना छठ. आणि पंढरीच्या वारीला दरवर्षी चार दिवस चालणारे दोघे. पूर्वी जो आधी येऊन गोड बोलेल त्याला सुट्टी मिळायची आणि बाकीचे ‘आजारी’ पडायचे. मी वर्षाच्या सुरुवातीला एक मोठा कागद भिंतीवर लावला. बारा महिने, सगळ्यांची नावं, एका वेळी जास्तीत जास्त चौघं बाहेर. अदलाबदल त्यांनी आपसात करायची, माझ्याकडे फक्त सांगायचं. कोकणवाले दिवाळीत थांबणार, त्याबदल्यात दिवाळीवाले गणपतीत थांबणार. छठची नावं दोन महिन्यांच्या आधीच पक्की करायची, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि तिकीट निघाल्यावर ‘सुट्टी कॅन्सल’ म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. माझं नाव सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. पहिल्या वर्षी मला मिळाला भर पावसाळ्यातला एक आठवडा, कोणालाच नको असलेला.

ओव्हरटाइमचंही तसंच. जास्त पैसे म्हणजे जास्त वाद. यादी उघडी ठेवा, पाळी लावा, आणि जुन्या मित्राचं नाव पाळीबाहेर एकदाही वर सरकवू नका. तो येईलच. माझ्याकडे आला होता, आम्ही एका खोलीवर राहिलेलो. ‘आता साहेब झालास होय रे?’ म्हणाला. मी म्हणालो, ‘पुढच्या गुरुवारी तुझी पाळी आहे, कागद बघ.’ महिनाभर बोलला नाही. नंतर बोलायला लागला, पण पहिल्यासारखं झालं नाही, आणि ते मी मान्य केलंय. बढती मिळाली की एखादी मैत्री जरा लांब जाते, ती पूर्ववत करायच्या नादात नियम वाकवू नका.

आणि डब्याचं: मी शेवटी जुन्या टेबलावरच बसायला लागलो. फक्त दहा मिनिटं आधी उठतो. त्यांना माझ्याबद्दल बोलायला वेळ नको का?

अजून पद नसेल तर, किंवा उशिरा मिळालं तर

ट्रेनी असाल तर हाताखाली कोणी नाही, पण शिफ्ट सोडताना पुढच्या माणसाला खरं सांगणं तुमच्या हातात आहे. ‘डाय नीट बसत नाहीये, शेवटचे चाळीस पीस लाल बिनमध्ये वेगळे ठेवलेत’ असं सांगणारा ट्रेनी सगळ्या प्लँटमध्ये माहीत होतो. मी अशा दोघांची शिफारस केली. त्यातला एक आज माझ्या बरोबरीने शिफ्ट बघतो.

पन्नाशीत सुपरवायझर झालेल्यांची अडचण निराळी. कॉम्प्युटरवर एंट्री येत नाही आणि विचारायची लाज वाटते. विचारा. बावीस वर्षांच्या डिप्लोमावाल्याला म्हणा, ‘बाळा, मला एक्सेल दाखव, मी तुला डायचा आवाज ओळखायला शिकवतो.’ हा सौदा मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय, दोघांचंही भलं होतं. बाई सुपरवायझर असेल तर तिला काही लोक मुद्दाम उद्धट उत्तर देऊन बघतात. पहिल्याच वेळी शांतपणे आणि तिथल्या तिथे थांबवणं बरं, दुसऱ्यांदा ते महाग पडतं. बाकी यातलं मला आतून माहीत नाही, लाइनवरच्या अनुभवी बायकांना विचारा.

तुम्ही चुकाल तेव्हा

चुकालच. माझं सांगतो. एकदा पहिला पीस पास करताना मी दोन भोकांमधलं अंतर नीट तपासलं नाही आणि सही केली. ३४० पीस निघाल्यावर क्वालिटीने पकडलं. सेटर, म्हणजे मशीनवर डाय बसवणारा, नवा होता, त्याच्या नावावर सहज खपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, ‘कालची सेटिंग मी पास केली होती. व्हर्नियर लावला नाही, नजरेने बघितलं. चूक माझी. रिवर्कला आज दोन तास मी स्वतः बसतोय.’ कोणी काही बोललं नाही. पोरं आपापल्या मशीनवर गेली.

चहाच्या वेळी तो सेटर आला, हात पुसत. म्हणाला, ‘सर, एक सांगू का? दोन नंबरच्या डायची गाइड पिन दोन आठवडे झाले घासल्यासारखी वाटतेय. आधी सांगणार होतो.’

उघडून बघितली. घासलेली होती.